सगळं साफ करा

निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत बाबांनी जे काही लिहिलं, ते सगळं त्यांच्या मेलमध्ये होतं. तिथे पोचायची वाट मी एका शनिवारी सकाळी, पूर्ण शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने पुसून टाकली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणाला बिचारी वगैरे वाटायला नको.

मी पोटासाठी इशारे लिहिते. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरबरोबर जाणाऱ्या माहितीपुस्तिका तयार करायचं काम माझ्याकडे आहे. हे बटण दाबण्यापूर्वी खालील सूचना वाचा. ही क्रिया मागे घेता येणार नाही. आपल्याला खात्री आहे का? सोळा वर्षं मी अशीच वाक्यं लिहीत आले आहे आणि ती कुणी वाचत नाही हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. न वाचता बटण दाबणाऱ्या आणि मग रडत फोन करणाऱ्या माणसांना मी मूर्ख म्हणत आले, कधी मनात, कधी चारचौघांत. माझ्या नाकावर राग असतो असं आई म्हणते. असतोच. तो मी बाबांकडून घेतला आहे.

गेल्या वर्षी दुर्गापूजेची सुट्टी संपता संपता, खालच्या मैदानातला मांडव उतरवत असताना, बाबांना झटका आला. दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच राहिला आणि ते बेसिनला धरून खाली बसले. उजवा पाय पुढे थोडासा परत आला, उजवा हात आला नाही, आणि बोलणं अजिबात आलं नाही. समजत मात्र सगळं होतं. पेपर उलटा धरला तर चिडायचे, आमटीत मीठ कमी असलं तर वाटी सरकवायचे. बोलायला तोंड उघडलं की मात्र एकच निघायचं, 'बरं का'. पाणी हवं असलं तरी 'बरं का', पंखा बंद करायचा असला तरी 'बरं का', आणि आपल्याला काय हवंय ते आम्हाला कळत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आलं तरी 'बरं का, बरं का'.

इस्पितळाने एक स्पीच थेरपिस्ट दिली होती. तिशीच्या आतली बंगाली मुलगी, गोड बोलणारी, बाबांना 'मेशोमोशाय', म्हणजे काका, म्हणायची. आठवड्यातून दोनदा घरी यायची आणि चित्रांचे पत्ते मांडायची. हिलसा मासा, संदेश नावाची मिठाई, हातरिक्षा. बाबा त्या हिलशाकडे असं बघायचे की मला हसू यायचं. पस्तीस वर्षं या शहरात ये-जा करूनही त्या माशाशी त्यांची ओळख झाली नव्हती. तिने एक दिवस पत्ते बाजूला ठेवले आणि मला विचारलं, "दीदी, मेशोमोशाय सोचते किस भाषा में हैं?"

मराठीत, मी म्हटलं. तिच्याकडे बंगालीतलं साहित्य होतं, हिंदीतलं होतं, इंग्रजीतलं तर कपाटभर. मराठीतलं काहीच नव्हतं, आणि या शहरात कुणाकडे असेल असं तिला वाटत नव्हतं. मग ती म्हणाली, देवाचं काही तोंडपाठ असेल तर म्हणून बघा. आईने टाळ्या वाजवत गणपतीची आरती सुरू केली आणि बाबांच्या तोंडून शब्द आले. खरेखुरे, एकामागून एक, स्वच्छ. आई म्हणता म्हणता रडायला लागली, पण बाबा थांबले नाहीत, अख्खं कडवं म्हणून गेले. चाल थांबल्यावर पुन्हा 'बरं का'. तरी ती मुलगी एवढी खूश झाली की तिने जाऊन आपल्या मोबाइलवर कुणाला तरी सांगितलं.

पुढची पायरी तिने समजावून दिली. यांनी स्वतः कधी काही लिहिलं असेल, पत्रं, डायरी, काहीही, तर ते शोधा. त्यांची स्वतःची वाक्यं, त्यांच्या स्वतःच्या वळणाची. त्यातलं वाक्य वाचायचं आणि शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडायचा. आरतीत चाल ओढून नेते तशी इथे आपल्याच वाक्याची सवय ओढून नेईल. पण लवकर करा, ती म्हणाली. जे परत यायचं ते या पहिल्या काही महिन्यांतच येतं.

शोधायची गरजच नव्हती. बाबा निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दहाच्या ठोक्याला कम्प्युटरसमोर बसत आणि बारापर्यंत मराठीत आठवणी लिहीत. रेल्वेत अधिकारी होते, त्यामुळे आठवणी म्हणजे बदल्याच. कुठल्या गावातलं क्वार्टर, कुठल्या स्टेशनवरचा पूर, सामान बांधताना आईने फोडलेल्या लोणच्याच्या बरणीवरून झालेलं भांडण. ते सगळं ते मेलमध्ये लिहीत, कुणाला न पाठवता तसंच मसुद्यात ठेवून देत. मी त्यांना दहादा सांगितलं होतं की बाबा, फाइल करा, पेन ड्राइव्हवर घ्या. त्यांचं म्हणणं असं की बदलीत सामान हरवतं, फुटतं, भिजतं, मेल कुठेही गेलं तरी बरोबर असतो. आम्हाला वाचायला देत नसत. "पुरं झालं की दाखवतो," म्हणायचे. बाबांचा फोन साधा बटणांचा होता, तेव्हा तो मेल उघडायचा तो त्या एका कम्प्युटरवरच.

आता त्या कम्प्युटरविषयी. ऑफिसात बाबा प्रत्येक फायलीवर तीन शंका काढून ती परत पाठवण्याबद्दल प्रसिद्ध होते. घरी तोच माणूस पडद्यावर जे विचारलं जाईल त्याला 'हो' म्हणायचा. याला कारण मराठी. या शहरात मराठी पंचांग मिळत नाही, मराठी दिवाळी अंक कुणी येणारा आणेल तेव्हा, म्हणून ते सगळं फुकटात उतरवून घ्यायचे. फुकट पंचांग, फुकट फॉन्ट, फुकट अभंग, फुकट आरत्या. प्रत्येकाबरोबर काहीतरी चिकटून यायचं. ब्राउझरच्या डोक्यावर एकाखाली एक चार पट्ट्या बसल्या होत्या, शोध घ्यायला जावं तर भलतंच पान उघडायचं, आणि कोपऱ्यातून दर दोन मिनिटांनी एक चौकोन वर यायचा. जाहिराती बंगालीत, कारण यंत्राच्या लेखी आम्ही बंगाली. गुडघ्याचं तेल, जामदानी साड्या, लग्नाला सुयोग्य पात्रीची, म्हणजे वधूची, माहिती. मी चिडले की बाबा म्हणायचे, "अगं, मिटवायचं आणि पुढे जायचं. रस्त्यावरचे फेरीवाले नाहीत का?" एस्प्लनेडच्या फुटपाथवरून त्यांना चालताना मी पाहिलं होतं, तिथेही ते कुणाला नाही म्हणत नसत.

त्या शनिवारी मी कम्प्युटर लावला. झटक्यानंतरचे पहिले दोन दिवस सोडले तर महिनाभर तो बंदच होता. मेलचं पान आपोआप उघडलं, बाबांच्या नावानिशी, जसं ते रोज त्यांच्यासाठी उघडायचं. डावीकडे मसुद्यांचा आकडा होता. तीन आकडी होता एवढं आठवतं. मी त्यावर गेले आणि यादी खाली उलगडली. प्रत्येक ओळीत मसुद्याची सुरुवात दिसत होती आणि प्रत्येक सुरुवात एकच होती. 'बरं का, बिलासपूरचं ते क्वार्टर...' 'बरं का, तुझी आई तेव्हा...' 'बरं का, त्या वर्षी पाऊस...' मला तेव्हा कळलं की बाबांकडे एवढाच शब्द का उरला आहे. रोज दहा वाजता ते त्याच शब्दाने सुरुवात करत होते. आताही तेच करत होते, सुरुवात करत होते, आणि पुढचं येत नव्हतं.

'तुझी आई' म्हणजे ते कुणाला उद्देशून लिहिलं होतं हे सांगायला नकोच. मला भाऊबहीण नाही.

मी तो दुसरा मसुदा उघडायला गेले आणि त्याच्यावर जाहिरात आली. व्हीलचेअरची. पांढऱ्या केसांचा एक हसरा म्हातारा तिच्यात बसलेला. मिटवली, तर मोठ्या माणसांच्या डायपरची आली. ती मिटवली, तर घरपोच नर्स. झटका आल्यावर पहिल्या दोन दिवसांत मी याच यंत्रावर अर्धांगवायू, वाचा जाणे, किती दिवसांत बरं होतं, असं काय काय शोधलं होतं. मग मी ते बंद करून ठेवलं होतं, पण कोण काय शोधतं याची नोंद ठेवणाऱ्या ट्रॅकिंग कुकीज सगळं टिपून बसल्या होत्या. माझी भीती त्यांनी गोळा केली होती आणि आता ती रंगीत चित्रांत माझ्यापुढे मांडत होत्या, बाबांच्या अक्षरांवर. मला संताप अनावर झाला. मसुदा दिसत होता, चौकोनाच्या कडेने अर्धी ओळ दिसत होती. तसाच वाचता आला असता. दहादा मिटवून दहा ओळी वाचता आल्या असत्या. बाबांनी सहा वर्षं तसंच केलं होतं.

पण आधी साफसफाई, मग काम, हा माझा खाक्या. ओटा पुसल्याशिवाय मला कुकर लावता येत नाही. ऑफिसात आम्ही जे साफ करणारं सॉफ्टवेअर वापरतो ते मी उतरवून घेतलं आणि चालू केलं. त्याने तपासणी सुरू केली. हिरवी पट्टी पुढे सरकत होती आणि खाली सापडलेल्यांची नावं भराभर धावत होती, जाहिराती घुसवणारं ॲडवेअर, टूलबार, ट्रॅकिंग कुकीज, पुन्हा ॲडवेअर. आकडा चढत गेला तसं मला बरंच वाटत गेलं, एखाद्या चोराला रंगेहाथ पकडल्यासारखं. शेवटी यादी आली. ढोबळ प्रकार आणि प्रत्येकापुढे चौकट. काही चौकटींत आधीच खूण होती, काही रिकाम्या होत्या. रिकाम्यांखाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. त्यांच्या वर एक चौकट होती, 'सगळं निवडा'. मी तिच्यावर खूण केली. 'कायमचं पुसा' असाही एक पर्याय होता, तोही घेतला, कारण हे पुन्हा कधी उगवायला नको होतं. मग एक खिडकी आली. आपण साइन-इन असलेल्या संकेतस्थळांवरून बाहेर पडाल. साठवलेले पासवर्ड पुसले जातील. ही क्रिया मागे घेता येणार नाही. आपल्याला खात्री आहे का?

हे वाक्य मी स्वतः, निदान वीस वेगवेगळ्या पुस्तिकांत, लिहिलेलं आहे. मी 'हो' दाबलं.

यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं. सुंदर दिसत होतं. पट्ट्या गेल्या, चौकोन गेले, ब्राउझर एका दमात उघडला. मी आईला हाक मारून दाखवलंसुद्धा. मग मेलचं पान उघडलं आणि त्यावर काहीच नव्हतं. मधोमध दोन रिकाम्या ओळी. पत्ता. पासवर्ड.

पत्ता मला माहीत होता.

"पासवर्ड काय आहे गं त्यांचा?" मी आईला विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

"मला काय माहीत? त्यांनी कधी टाकलेला पाहिलाच नाही मी. आपोआप तर उघडायचं." ती पुसलेल्या पडद्याकडे कौतुकाने बघत म्हणाली, "छान झालंय हो. आता त्यांना हात चालवता आला की बसवू इथे."

मी सगळं घर धुंडाळलं. विम्याच्या फायली, पेन्शनची पुस्तिका, कपाटाच्या दाराचा आतला भाग, कम्प्युटरच्या टेबलाची खालची बाजू. पासवर्ड कुठेही लिहायचा नसतो हे बाबांनी ऑफिसच्या परिपत्रकात वाचलं होतं, आणि परिपत्रक त्यांनी आयुष्यात कधी मोडलं नव्हतं. फुकटच्या पंचांगाला हो म्हणणारा माणूस इथे मात्र नियमाला चिकटून राहिला. मी आमच्या जन्मतारखा घालून पाहिल्या, आईचं माहेरचं नाव, निवृत्तीचं वर्ष, पहिल्या बदलीचं गाव. तांबडी ओळ. बरेच प्रयत्न झाले, नंतर या. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला ते यंत्र दाखवलं, पुसलेलं काही उकरून काढता येईल का म्हणून. त्याने तासभर बघून मान हलवली आणि विचारलं, कायमचं पुसा का निवडलंत? मी त्याला सांगितलं की बाबांनी निवडलं. इतक्या सहज सांगितलं की माझं मलाच नवल वाटलं.

पासवर्ड विसरला असाल तर, असा एक दुवा त्या पानावर असतो. तो दाबला की खात्याशी जोडलेल्या फोनवर एक आकडा येतो. त्या पानाने फोनचे शेवटचे दोन अंक दाखवले. तो बाबांचा नंबर नव्हता. म्हणजे होता, पण खुर्चीचा होता. ऑफिसने पदाला दिलेला, जो त्या पदावर येईल त्याच्याकडे जाणारा. बाबांनी निवृत्तीच्या दिवशी तो परत केला आणि पावती घेतली.

ही चूक आमच्यासारख्या बदलीच्या लोकांनीच करावी. आमच्या घरातलं काहीच आमचं नव्हतं. लहानपणापासून ज्या ज्या पलंगावर मी झोपले त्या प्रत्येकाच्या पायावर पांढऱ्या रंगात सरकारी क्रमांक होता. घर पदाचं, बाग पदाची, टेलिफोन पदाचा, आणि तरी आम्ही 'आमचा पलंग', 'आमचा फोन' म्हणायचो, दुसरं काय म्हणणार? निघताना सगळं मोजून परत द्यायचं, सही घ्यायची आणि मागे वळून बघायचं नाही. बाबांनी मेल उघडताना फोन विचारला तेव्हा आपला म्हणून तोच दिला. परत करताना तो तिथे दिलेला आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नसेल.

मी तो नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका बाईने तीन भाषांत सांगितलं. तरीही मी सोमवारी रजा टाकून गार्डन रीचला, बाबांच्या जुन्या रेल्वे ऑफिसात, गेले. मेट्रोने एस्प्लनेड, तिथून बस, खिदिरपूरच्या गर्दीत पाऊण तास. बाबांनी हा रस्ता कितीदा सरकारी गाडीतून केला असेल. त्यांच्या जुन्या खोलीत आता एक तेलुगू साहेब होते. भले गृहस्थ, उठून उभे राहिले, चहा मागवला. त्यांच्या मागच्या लाकडी फळ्यावर त्या पदावर होऊन गेलेल्यांची नावं होती, आणि बाबांचं नाव सोनेरी अक्षरांत वरून अकरावं होतं. मी सगळं सांगितलं. म्हणजे पासवर्ड हरवला एवढं सांगितलं. त्यांनी दोन ठिकाणी फोन केले, आपला नवा नंबर दाखवायला मोबाइल माझ्यापुढे ठेवला, मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, वो पुरानी सीरीज़ थी. दो साल पहले सबका नंबर बदल गया. वो नंबर अब किसी का नहीं है." ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले. परत येताना बसमध्ये मी रडले. शेजारच्या बाईने आपली पिशवी मांडीवर ओढून मला जागा करून दिली.

मग त्या मेल कंपनीचा अर्ज भरायला सुरुवात केली. खातं कोणत्या महिन्यात उघडलं? याआधीचा एखादा पासवर्ड आठवतो का? दर वेळी तेच उत्तर, आपण या खात्याचे मालक आहात असं ठरवण्यास पुरेशी माहिती नाही. ते बरोबरच होतं. ते लिखाण पुसलं गेलेलं नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. पुसलं गेलं असतं तर रडून मोकळी झाले असते. ते तिथेच आहे, कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी थंडगार खोलीत, एकही अक्षर न हलता.

थेरपिस्ट मुलगी विचारायची, मिळालं का? मी म्हणायची, शोधतेय. शेवटी आईनेच सुचवलं की त्या गोष्टी मला माहीत आहेत, मी सांगते. ती बाबांच्या समोर खुर्ची घेऊन बसली आणि बिलासपूरच्या क्वार्टरची हकिगत सांगू लागली. बाबांनी मान हलवली. नाही. तिने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. बाबांनी जोरात मान हलवली, डावा हात उगारला, "बरं का! बरं का!" आई चुकीचं सांगत होती. लग्नाच्या चाळीस वर्षांत ती चुकीचंच सांगत आली असणार आणि ते दर वेळी तिला अडवून नीट सांगत आले असणार. आता त्यांना अडवता येत होतं, पुढचं सांगता येत नव्हतं. आई थांबली. "असं नाही होय?" ती म्हणाली. "मग कसं हो?"

असे महिने गेले. थंडी आली, गेली. आरतीचे शब्द येत राहिले, त्यापलीकडे काही आलं नाही. मुलगी आठवड्यातून एकदाच येऊ लागली.

मार्चमध्ये एका रविवारी मी बाजारातून आले तर बाबा कम्प्युटरसमोर होते. अंघोळ झालेली, अंगावर इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. आईने त्यांना खुर्चीवर बसवून उशी लावली होती आणि मेलचं पान उघडून ठेवलं होतं. मी तिला यातलं काही कधी सांगितलं नव्हतं. मी यंत्र साफ केलं आणि ते यंत्र आता पासवर्ड मागतं, या दोन गोष्टींचा तिच्या लेखी एकमेकींशी संबंधच नव्हता. तिच्या मते हा बाबांचा प्रश्न होता, आणि तो बाबांनाच विचारावा हे तिला इतक्या दिवसांनी सुचलं होतं.

"अहो, हे बघा, पासवर्ड विचारतोय," ती म्हणत होती. "तुमचं तुम्हालाच माहीत असणार ना? आठवा बरं. एवढं सगळं लिहिलंय तुम्ही आत, अडकून पडलंय बघा पासवर्डाशिवाय."

मी पिशव्या हातात धरून दारातच उभी राहिले. थांबवायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मला आशा वाटली. हाताला सवय असते म्हणतात.

बाबांनी पडद्यावरचा आपला पत्ता वाचला. ओळखला. डावा हात उचलून त्यांनी एक कळ दाबली. रिकाम्या ओळीत काळा ठिपका उमटला. बराच वेळ विचार करून दुसरी. मग तिसरी, चौथी, जरा भराभर. त्यांनी शेवटची कळ दाबली आणि तांबडी ओळ आली. ते पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तांबडी ओळ. तिसऱ्यांदा ते मधेच अडले, बोट हवेत राहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. गेली कित्येक वर्षं तो पासवर्ड त्यांना टाइप करावाच लागला नव्हता. धडधाकट असते तरी कदाचित आठवला नसता. पण हे त्यांना कोण सांगणार? झटक्याने आपलं बोलणं नेलं तसं हेही नेलं, असं त्यांना वाटलं. मला ते चेहऱ्यावर स्वच्छ वाचता आलं. त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. एकदा. दोनदा. आईने हात धरला.

मग त्यांना मी दारात दिसले.

एक वाक्य सांगायचं होतं. बाबा, तुम्ही काही विसरला नाहीत, मी पुसलं. त्यांना शब्द न् शब्द कळला असता. बोलता येत नव्हतं ते त्यांना, मला येत होतं. मी तोंड उघडलंही. आईसमोर, त्या इस्त्रीच्या शर्टासमोर, माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. आजपर्यंत निघालेलं नाही.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी डावा हात आईच्या हातातून सोडवून घेतला, आपल्या कानाकडे नेला, आणि लहान मुलं पकडतात तसा कान पकडला. पडद्याकडे मानेने दाखवलं, माझ्याकडे बघितलं आणि कान तसाच धरून ठेवला. ते लिखाण माझ्यासाठी होतं, आणि ते माझ्यापर्यंत पोचवता आलं नाही म्हणून ते माझी माफी मागत होते.

"असू दे, बाबा," मी म्हटलं. "होतं असं कधीकधी."

त्यांनी कान सोडला. त्यांचा चेहरा सैल झाला. मी माफ केलं म्हणून त्यांना बरं वाटलं होतं.